थकलेल्या पोलादाचा हिशोब

धातू थकतो ही कल्पना फार जुनी नाही. 1837 साली जर्मनीत विल्हेल्म आल्बर्ट यांनी खाणीतल्या साखळ्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. एका ओढीला न तुटणारी साखळी तोच भार पुन्हापुन्हा पडला की तुटते, एवढंच म्हणणं. पुढे ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यातून दिसलं, की ताण एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद जवळपास कितीही फेरे सोसतं.

केवढा दिलासा! पण पाण्यात, गंजाच्या संगतीत, ही मर्यादा टिकत नाही. आणि टर्बाइनचे फेरे किती होतात बघा. पेल्टन चाक घ्या. खोपोलीला टाटांनी 1915 मध्ये फिरवली ती याच जातीची. समजा मिनिटाला 300 फेरे आणि पाण्याचा झोत एकच. तरी प्रत्येक वाटीला वर्षात पंधरा कोटींवर तडाखे बसतात. एवढे मोजत प्रयोगशाळेत कोण बसणार? म्हणून अंदाज.

अंदाजाचं गणित 1924 मध्ये पाल्मग्रेन यांनी बॉल बेअरिंगसाठी मांडलं, 1945 मध्ये माइनर यांनी विमानासाठी. अमुक ताणाला लाख फेऱ्यांत तुकडा तुटत असेल, तर एका फेऱ्यात आयुष्याचा लाखावा हिस्सा गेला. असे हिस्से मिळवत जायचं. बेरीज एक झाली की पातं संपलं. वाण्याच्या वहीसारखं सोपं!

माझ्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याला इथे खटकतं. बेरजेला क्रम कळत नाही. धातूला कळतो. आधी मोठा धक्का बसून बारीक तडा गेला, की एरवी निरुपद्रवी असलेले हेलकावेही तो तडा वाढवतात. शिवाय एकसारखे दिसणारे दोन तुकडे एकाच फेऱ्याला तुटत नाहीत. म्हणजे हाती येते ती शक्यता, आणि किती शक्यता चालवून घ्यायची हे गणित सांगत नाही, ते माणसांनी ठरवायचं.

रशियातलं सायानो-शुशेन्स्काया धरण आठवा. 17 ऑगस्ट 2009, दोन नंबरचं यंत्र उसळून बाहेर आलं, 75 माणसं गेली. तिथे पाती नव्हे, टर्बाइनच्या झाकणाचे बोल्ट तुटले. तपासलेल्या 49 पैकी 41 बोल्टांत थकव्याचे तडे होते. यंत्र 1979 चं, ठरवलेलं आयुष्य तीस वर्षं. ती अजून पुरी व्हायची होती. पण विजेची मागणी सांभाळताना हे यंत्र वरचेवर कमी-जास्त केलं जाई, आणि दरवेळी जास्त थरथरीच्या पट्ट्यातून जाई.

आता सौर आणि पवन विजेमुळे जलविद्युत यंत्रं पूर्वीपेक्षा जास्त वेळा चालू-बंद करावी लागतात. जुन्या पात्यांचा हिशोब बहुतेक ठिकाणी संथ, सलग चालण्याचा धरलेला होता. बरं, आता प्रश्न घेऊ.