मुक्या नायकाची संहिता

मराठी चित्रपटलेखनाचा इतिहास प्रामुख्याने संवादांचा इतिहास म्हणून पाहिला गेला आहे. त्याचे कारण उघड आहे. बोलपटाकडे लेखक आले ते रंगभूमीवरून किंवा कथा-कादंबरीकडून. प्र. के. अत्रे यांनी मास्टर विनायकांसाठी 'ब्रह्मचारी' (१९३८) लिहिला, तेव्हा 'साष्टांग नमस्कार'चे (१९३३) नाटककार म्हणून त्यांची कीर्ती झालेली होती. नाटकातील वाक्याची धारच पडद्यावर आली. पटकथा ही स्वतंत्र संहिता आहे, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला. तो विचारण्यास भाग पाडते ते संवाद बोलू न शकणारे पात्र.

त्याच १९३८ साली हॉलिवूडमध्ये हॉवर्ड हॉक्स यांचा 'ब्रिंगिंग अप बेबी' प्रदर्शित झाला. मूळ कथा हेगर वाइल्ड यांची. पटकथेत त्यांच्या जोडीला डडली निकल्स होते. वाइल्ड यांचे नाव पुढे 'आय वॉज अ मेल वॉर ब्राइड'च्या (१९४९) पटकथेतही आढळते, परंतु त्यांची ओळख राहिली ती एका बिबळ्याशी. या मार्जारकुलीन पात्राची युक्ती साधी आहे: माणसाळलेला बिबळ्या आणि सर्कशीतला धोकादायक बिबळ्या यांची अदलाबदल होते. प्राणी स्वतः काहीच करीत नाही. त्याला ओळखण्यात माणसे चुकतात आणि तेथे विनोद जन्मतो.

मराठीत या रचनातत्त्वाचा पूर्ण उपयोग दिसतो तो बऱ्याच उशिरा, 'वळू'मध्ये (२००८). दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांचा हा पहिला कथापट. लेखनाची धुरा गिरीश कुलकर्णी यांची. कुसवडे गावातील डुरक्या हा देवाला सोडलेला वळू. वृषोत्सर्गाची धर्मशास्त्रीय परंपरा बाजूला ठेवली तरी, बीड तालुक्यातील पालीसारख्या गावच्या प्रेक्षकाला मोकाट पोळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याला कोणी बांधू शकत नाही, कारण तो कोणाच्याच मालकीचा नाही. आणि म्हणूनच गावातील प्रत्येक नुकसानीचे खापर त्याच्या डोक्यावर फोडता येते. त्याला पकडण्यासाठी वनाधिकारी येतो, सोबत त्याचा माहितीपट काढणारा भाऊ. हा कॅमेरा म्हणजे लेखकाची खरी हुशारी होय. त्याच्यासमोर गावकरी वळूविषयी बोलू लागतात आणि बोलता बोलता स्वतःविषयीच साक्ष देतात. सरपंच आणि आबा यांच्यातील सत्तास्पर्धा, भटजींची धर्मचिंता, तरुणांची मर्दुमकी, सारे या एका मुक्या चिन्हाभोवती फिरते. संवाद विपुल आहेत, खमंगही आहेत. पण त्यांचे नियमन करणारे केंद्र संवादांच्या बाहेर आहे.

येथे बिबळ्या आणि वळू यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. बिबळ्या उच्चभ्रू घरात बाहेरून आलेला पाहुणा आहे. वळू गावाने स्वतःच निर्माण केलेला आहे: आधी श्रद्धेने मोकळा सोडलेला, मग त्या मोकळेपणासाठीच गुन्हेगार ठरवलेला. त्यामुळे तो पकडला जातो तेव्हा प्रेक्षकाचे हसू अडखळते. 'वळू'कडे केवळ ग्रामीण विनोदी चित्रपट म्हणून पाहणाऱ्यांनी या अडखळण्याकडे दुर्लक्ष केले, असे म्हणावे लागते. द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांच्या परंपरेशी त्याचे नाते आहेच; तथापि त्या परंपरेतील इरसालपणा येथे गावाच्या बचावाला येत नाही.

गिरीश कुलकर्णी यांचे नंतरचे लेखन एकसुरी नाही. सती भावे यांच्यासह लिहिलेला 'विहीर' (२००९) मृत्यूकडे वळतो. 'मसाला' (२०१२) उद्योगाची गोष्ट सांगतो. 'देऊळ'ने (२०११) त्यांना अभिनयाबरोबरच संवादांचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पारितोषिकाचे हे वर्गीकरण बोलके आहे, कारण त्या चित्रपटाच्या घटनाक्रमाला पहिली गती देणारे पात्र पुन्हा मुकेच आहे. करडी नावाची गाय हरवते, तिला शोधताना केशाला दत्ताचे दर्शन घडते आणि गावात देऊळ उभे राहते. 'वळू'मध्ये देवाचा प्राणी गावातून काढला जातो. 'देऊळ'मध्ये प्राण्याच्या निमित्ताने देव गावात आणला जातो, आणि त्यानंतर करडीविषयी बोलायला गावाला फारशी सवड उरत नाही.