मालवणचा शिवराजेश्वर

मालवणास येणारा यात्रेकरू होडीने सिंधुदुर्ग पाहून परततो. किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा मात्र पाहावयाचा राहून जातो. इ. स. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी येथेच पूजन करून कुरटे बेटावर दुर्ग उभारण्यास आरंभ केला. चहूकडे खारे पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी तेथे शिवराजेश्वराचे मंदिर बांधले. पुढे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी सभामंडप जोडला. वाड्याचे केवळ अवशेष उरले, मंदिरात मात्र नित्य पूजा चालू आहे. जेथे दिवा लागतो, तेथील पडझड पुढची पिढी सावरते. आपल्या ग्रामस्थांनी व देणगीदारांनी जीर्णोद्धार करून हेच केले. आता रोजचा दिवा आपल्या हाती आहे.