दोन दिवसांचा महिना

तुम्ही तोक्योत उभे आहात, आसाकुसाच्या एका गल्लीत. म्हातारी माणसं शहराला अजून एदोच म्हणतात. मेइजी राजवटीचं पाचवं वर्ष, बाराव्या महिन्याचा दुसरा दिवस. युरोपीय हिशेबाने ३१ डिसेंबर १८७२. आणि उद्या, सरकारी हुकमाने, नवं वर्ष!

हुकूम निघून जेमतेम तीन आठवडे झालेत. चांद्र पंचांग बंद, सूर्याचं सुरू. पुढच्या वर्षाची जुनी पंचांगं छापून बसलेल्यांनी डोक्याला हात लावलाय. तेरा तारखेला घरोघर काजळी-जळमटं झाडायची, सतरा-अठराला सेन्सोजी देवळापाशी वर्षअखेरची जत्रा, मग चिकट भाताची मोची कुटायची, दाराशी पाइन-बांबू उभे करायचे. यंदा त्या तारखाच नाहीत.

समोर बघा. दारूच्या दुकानातला पोऱ्या कागदी कंदील आणि उधारीची वही घेऊन दारोदार फिरतोय. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाकी चुकती करायची, ही इथली जुनी रीत.

"अरे, शेवटचा दिवस महिन्याच्या शेवटी असतो. आज तर दोन तारीख," दारातली बाई त्याला सुनावते.

"मालक म्हणाले, आजच."

आतून बाळाचं रडणं ऐकू येतं. कालच जन्मलंय. जपानी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर त्याचंही वय एकाने वाढतं. उद्या सकाळी ते दोन वर्षांचं होईल.

घंटा वाजते. ठोके मोजा: आधी तीन, मग सहा. नऊ वाजले असं समजू नका. पहिले तीन नुसते लोकांचं लक्ष वेधायला. सहा ठोके म्हणजे तिन्हीसांज, मग ती उन्हाळ्यात उशिरा येवो की थंडीत लवकर. शेजारी उभ्या सरकारी कारकुनाच्या विलायती घड्याळात मात्र पाच वाजून गेलेत. उद्यापासून तेच खरं, दिवसाचे २४ सारखे तास. शिंबाशी-योकोहामा आगगाडी ऑक्टोबरातच सुरू झालीय, आणि ऋतूप्रमाणे लांबणारे-आखडणारे प्रहर तिच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

कारकुनाचं तोंड उतरलंय ते वेगळ्याच कारणाने. जुन्या पंचांगाप्रमाणे पुढच्या वर्षी आपल्यासारखाच अधिक महिना येणार होता, म्हणजे तेरा पगार. तिजोरीत खडखडाट. सरकारातल्याच ओकुमा शिगेनोबू यांनी पुढे आठवणींत सांगून टाकलं की पंचांग बदलण्यामागे हा हिशेबही होता. तेरावा पगार वाचला, शिवाय या दोन दिवसांच्या महिन्याचाही. नव्या पंचांगाला नाकं मुरडणारे अडाणी मूर्ख, असं लेखक फुकुझावा युकिची आपल्या पुस्तिकेत ठणकावणार आहेत. मला विचाराल तर कारकून काही अगदीच अडाणी नव्हता.

तुमच्या मोडक्यातोडक्या जपानीचाही आज कस लागणार. आज रात्रीपर्यंत निरोप घेताना 'योई ओतोशी ओ' (येणारं वर्ष चांगलं जावो), उजाडल्यावर 'आकेमाशिते ओमेदेतो' (नववर्षाच्या शुभेच्छा). चार ठिकाणी तरी गोंधळ होईल, इथल्यांचाही होतोय.

आता जरा पुढे सरका. ७ जानेवारी १८७३. आज सात कोवळ्या पाल्यांची पेज खायची, पण बाहेर कडाक्याची थंडी. पाला उगवायला अजून अवकाश आहे. ३ मार्चला बाहुल्यांचा सण, पीचच्या फुलांचा म्हणून ओळखला जाणारा, आणि फांद्यांवर नुसत्या कळ्या. ७ जुलैला तानाबाता. वर्षातून एकदाच भेटणारे ते दोन तारे शोधायला मान वर कराल, तर ऐन पावसाळ्यातले ढग. सरकारने तारखा हलवल्या. झाडांना आणि ढगांना हुकूम पोचला नाही. नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर आजही भर जानेवारीत वसंत छापलेला असतो.

लोकांनी मग आपापली वाट काढली. सेंदाई शहराने तानाबाता महिनाभर पुढे, ऑगस्टात नेली. पितरांचा बोन तोक्योत जुलैच्या मध्यावर, बहुतेक जपानात ऑगस्टच्या मध्यावर, तर ओकिनावात तो अजून चंद्राच्या तिथीनेच होतो, म्हणून दर वर्षी तारीख वेगळी. तेव्हा 'बोनला या' असं कुणी आग्रहाने बोलावलं, तर तिकीट काढण्याआधी कुठल्या गावचा बोन ते नीट विचारून घ्या.