पहिला दंड कुणाचा?

जानेवारी २०२१मध्ये कोव्हिडची लस आली आणि आल्या आल्या वाद सुरू झाला. पुढाऱ्यांनी आधी टोचून घेतली तर ‘रांग मोडली’ म्हणून ओरड, आणि थांबले तर ‘एवढी चांगली आहे म्हणता, मग स्वतः का घेत नाही?’ म्हणून संशय. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे हाती नसतानाच कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली होती, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ खोडसाळ नव्हता. शेवटी १ मार्चला सकाळी पंतप्रधान एम्समध्ये गेले आणि कोव्हॅक्सिनच घेतली. गळ्यात आसामी गमछा घातलेला तो फोटो दुपारपर्यंत घरोघरच्या मोबाइलवर होता. मग मंत्री, नट, क्रिकेटपटू आणि सोसायटीचे चेअरमन, सगळेच दंड दाखवू लागले.

हा रिवाज लशीपेक्षा जुना आहे. जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचली १७९६मध्ये. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी लंडनमध्ये टोचत असत तो खऱ्या देवीच्या फोडातला पू. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही पद्धत तुर्कस्तानात पाहून आल्या होत्या. त्यांना स्वतःला देवी येऊन गेलेल्या, त्यामुळे स्वतःचा दंड पुढे करून काही सिद्ध होणार नव्हतं. १७२१च्या एप्रिलमध्ये त्यांनी मुलीला टोचून घेतलं आणि दरबारचे डॉक्टर ते पाहायला आले. ऑगस्टमध्ये न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांना सुटकेच्या बोलीवर टोचलं. सहाही जगले. मग कुठे १७२२मध्ये युवराज्ञी कॅरोलाइनच्या दोन मुलींचा नंबर लागला. आधी कैदी, मग राजकन्या. गाजावाजा झाला तो अर्थात राजकन्यांचा.

या रिवाजाला राजवैभव दिलं ते रशियाच्या कॅथरीनने. १७६८च्या ऑक्टोबरात तिने इंग्लंडहून टॉमस डिम्सडेल या डॉक्टरला बोलावून स्वतःला टोचून घेतलं. महाराणीचं बरंवाईट झालंच तर डॉक्टरला रशियाबाहेर पळता यावं म्हणून वाटेत घोड्यांच्या बदल्या तयार ठेवल्या होत्या. पू घेतला होता मार्कोव्ह नावाच्या एका लहान मुलाच्या अंगावरून. महाराणी बरी झाली, डॉक्टरला बॅरनकी मिळाली आणि त्या पोरालाही सरदारकी. धाडसाचं श्रेय कॅथरीनला द्यायलाच हवं; पण तापाने फणफणलेल्या त्या पोराला कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

आपल्याकडची पहिली मानकरीही अशीच, न विचारलेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नरची लस टोचली. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी ती लस इथवर आली होती, आणि अ‍ॅनाच्या दंडावरून ती हिंदुस्थानभर गेली. दंडावरून दंडावर म्हटलं की कुणाच्या दंडावरून, हा प्रश्न आलाच. दुसऱ्या जातीच्या मुलाच्या फोडातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात नको, ही तक्रार पुढे कित्येक वर्षं ‘देवी काढणाऱ्यां’ना ऐकून घ्यावी लागली. म्हैसूरच्या राण्यांचं १८०५च्या सुमाराचं एक तैलचित्र आहे. त्यातली एक राणी पदर किंचित बाजूला घेऊन दंडाकडे बोट करते आहे. हे चित्र म्हणजे लशीची जाहिरात होती, असा एका इतिहासकाराचा तर्क आहे. तर्क खरा असेल तर सेलिब्रिटी मोहिमेचं हे आपल्याकडचं पहिलं पोस्टर म्हणायचं.

पण या रिवाजाची खरी कसोटी लागली ती प्लेगच्या मुंबईत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीला गाठीचा ताप ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, धर्म यहुदी, काम पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. कॉलऱ्याची लस त्यांनी १८९२मध्येच स्वतःवर टोचून पाहिली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांना हाताशी धरून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवायला घेतले. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा, कारण गाय किंवा डुक्कर घातलं असतं तर लस बाटलीतच बाटली असती. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांच्या खालून जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. मग तापवून जंतू मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी या मालाचे १० घन सेंटिमीटर स्वतःला टोचून घेतले, म्हणजे लोकांना जेवढं द्यायचं त्याच्या तिपटीहून जास्त. ताप भरला, टोचलेली जागा दुखली, आणि उतरलं. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार होतील त्या कैद्यांना लस दिली. लंडनसारखंच इथेही राजेरजवाड्यांच्या आधी तुरुंग.

बाहेर शहर काय बोलत होतं? इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटं टांगतात आणि त्याच्या डोक्यातून ठिबकणाऱ्या तेलाचं मोमियाई नावाचं औषध करतात. २९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. घरझडत्या सुरू झाल्या, माणसं उचलून नेली जाऊ लागली. पुण्यात रँडने काय केलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या सरकारचे सोजीर देवघरात बूट घालून शिरतात, तेच सरकार सुई घेऊन आलं, तर सुईवर विश्वास ठेवणारा भोळाच म्हटला पाहिजे.

या गदारोळात एक दंड उपयोगी पडला. खोजा इस्माइली समाजाचे आगाखान तेव्हा १९ वर्षांचे होते. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, ही बातमी आपल्या लोकांत लवकरात लवकर पसरेल अशी व्यवस्था केली, आणि हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज देऊ केला. खोजे मोठ्या संख्येने पुढे आले. माझ्या मते हा रिवाज यशस्वी झाल्याचं याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, आणि त्याचं कारण सुईत नाही. आगाखान त्या लोकांचे इमाम होते. गव्हर्नरसाहेबांनी दंड पुढे केला असता तरी खोजांना त्याचं काय!

पंजाबात साहेबाच्या दंडाचं काय झालं ते पाहा. प्लेग १८९७-९८मध्ये जालंधर-होशियारपूरकडे पोचला, मागोमाग लस आली, आणि तिथे उठलेल्या वावड्या सरकारी अहवालातच नोंदल्या गेल्या. सुई वारभर लांब असते. टोचल्यावर माणूस जागीच मरतो. वाचलाच तर सहा महिन्यांनी मरतो. पुरुषाची मर्दानगी जाते, बाई वांझ होते. आणि सगळ्यांत अफलातून म्हणजे खुद्द डेप्युटी कमिशनरने टोचून घेतलं आणि अर्ध्या तासात तो गेला. साहेब टोचून घेतात ही बातमी लोकांपर्यंत पोचली होती, हे तर उघडच आहे. अफवेने ती खोडून काढली नाही, फक्त तिचा शेवट बदलला.

आणि कधीकधी भीती खरीही ठरली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली. त्यातल्या ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे पुढे आलं. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे कलंक धुतला गेला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळायला १९२५ उजाडलं. १८९७मध्ये स्वतःला टोचून घेतलेल्या माणसाचा दंड १९०२मधल्या एका बाटलीची हमी कशी देणार? तिथे हवी असते कारभाराची हमी, आणि तिचा फोटो निघत नाही.

पुढे फोटोचंच युग आलं. १९५६मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने न्यूयॉर्कला कॅमेऱ्यांसमोर पोलिओची लस घेतली, ती तिथल्या तरुण पोरांना लशीकडे वळवण्यासाठी. तेव्हापासून ताऱ्यांचे दंड मोहिमांना लागतात ते लागतातच. आपल्याकडे सुईबद्दलच्या जुन्या भीतीत आणीबाणीतल्या नसबंदीची भर पडली. पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही ही कुजबुज उत्तर प्रदेशात कित्येक वर्षं ऐकू येत होती, त्यामागे ती आठवण नव्हती असं कसं म्हणावं?

एप्रिल २०२१मध्ये पंजाबची ती वावडी जवळजवळ जशीच्या तशी परत आली. तमिळ विनोदी नट विवेक यांनी १५ तारखेला चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात मुद्दाम जाऊन, पत्रकारांसमोर कोव्हॅक्सिन घेतली. लोकांनी घाबरू नये, एवढाच हेतू. १६ला हृदयक्रिया बंद पडली, १७ला ते गेले. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी पूर्ण तुंबली होती, लशीशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी लगेच सांगितलं. केंद्राच्या समितीचाही काही महिन्यांनी तोच निष्कर्ष निघाला. पण ‘त्यांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी...’ हे वाक्य अहवालाची वाट बघत थांबलं नाही. डेप्युटी कमिशनरचं मरण अफवेला रचावं लागलं होतं. इथे ते आयतं मिळालं.

पाठोपाठ आली ती मुदतीची अफवा: लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार. पंजाबात हीच मुदत सहा महिन्यांची होती. मुदत दिली की फोटो निकामी होतो, कारण फोटो त्या क्षणाचा. पंतप्रधान किंवा नट सहा महिन्यांनी धडधाकट आहेत का, हे वाडीवरच्या बाईला टीव्हीवरच कळणार, आणि टीव्हीवर तिचा विश्वास असता तर अडचणच नव्हती. आशाताई मात्र तिच्या दारात येते. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं ते डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी आणि आशा-अंगणवाडीताईंपासून, आणि तेही त्यांना जंतूंचा धोका जास्त म्हणून, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे. खेड्यापाड्यांतल्या तरुणांची पाळी आली उन्हाळ्यानंतर. तोवर पहिल्या फेरीतल्या आशाताईंच्या टोचणीला पाच-सहा महिने होत आले होते, आणि त्या वही घेऊन दारोदार फिरतच होत्या.