दिव्यांची वाटणी

विजेचा एक दिवा पेटविणे एकोणिसाव्या शतकाला साधले होते. तीच वीज घरोघर वाटावी कशी, हा पेच मात्र सुटला नव्हता. रस्त्यांवरचे चापदीप बहुधा एकाच माळेत ओवलेले असत. पेटायचे तर सारे, विझायचे तर सारे. १८७९ साली ब्रिटिश टपाल खात्यातील विद्युत्तज्ज्ञ विल्यम प्रीस यांनी तर अशी वाटणी म्हणजे निव्वळ चकवा होय, असा निर्वाळाच दिला.

वास्तविक गणित जुनेच होते. दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते ओहम या जर्मन शाळामास्तराने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले होते. सांध्यात येतो तेवढाच प्रवाह फाट्यांतून बाहेर पडतो, हे १८४५ साली किर्खोफ या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखविले. समांतर जोडलेल्या प्रत्येक दिव्याला पूर्ण दाब मिळतो. समजा, दाब ११० व्होल्ट आणि दिव्याचा रोध २२० ओहम. तर प्रवाह अर्धा अँपिअर, शंभर दिव्यांस ५०. तेवढीच शक्ती खाणारा दिवा २.२ ओहमांचा असता, तर ११ व्होल्टांवर त्याला ५ अँपिअर लागते, शंभरांस ५००! तांब्याच्या खर्चातच सारी योजना बुडाली असती. म्हणूनच एडिसनने मोठ्या रोधाच्या बारीक तंतूचा हट्ट धरला. आकडेमोड मात्र त्याच्या पदरीचा गणिती फ्रान्सिस अप्टन करी.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून वीज सुरू झाली. एकाने दिवा मालवला, तरी शेजाऱ्याचा तेवतच राहिला.