दोन चिठ्ठ्या, एक देह

रायपूर शहरातील तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती होय. छत्तीसगडी बोलीत पारा म्हणजे मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी यांनी १७५८ पासून रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहिला आणि येथल्या मातीशी मराठी माणसाचा ऋणानुबंध दृढ झाला. या वस्तीपासून दूर, छत्तीसगडच्या अरण्यांत, सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप उगवते. हृदयाची लय सुधारणारे औषध आणि मनाचा विषाद घालविणारे औषध एकाच देहात आले म्हणजे काय होते, हा आजच्या वैद्यकापुढील एक नाजूक प्रश्न आहे. त्याचा इतिहास या झुडपाच्या मुळापासून सांगता येतो.

सर्पगंधेचे मूळ उन्माद आणि निद्रानाश यांवर आपल्याकडे फार पूर्वीपासून दिले जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद या दोहोंवर तिचा गुण वर्णिला. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी त्या मुळातून काही सत्त्वे वेगळी केली. त्यांतील एकास त्यांनी हकीम अजमलखान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले; पुढे ते हृदयाच्या बिघडलेल्या लयीवर वापरात आले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाचा अनुभव ब्रिटनमधील एका हृदयविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञांनी त्यातून रिसर्पीन हे सत्त्व काढले. १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील होते आणि तेच रिसर्पीन मनोरुग्णांस देणारे नेथन क्लाइन हेही होते. हृदयाचा वैद्य आणि मनाचा वैद्य यांना एकाच वनस्पतीने एका व्यासपीठावर आणले.

परंतु तिने एक इशाराही दिला. रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणाऱ्या काही रोग्यांना खोल विषाद जडल्याची निवेदने त्याच दशकात येऊ लागली. त्याचे प्रमाण किती, याविषयी पुढे मतभेद झाले. तथापि हृदयासाठी घेतलेले औषध मनालाही स्पर्श करते, हा विचार तेव्हापासून रुजला.

याच्या उलट गोष्टही लवकरच उघड झाली. १९५७ साली स्विस मनोवैद्य रोलांड कून यांनी इमिप्रामीन हे विषादावरील औषध पुढे आणले. लाखो रोग्यांना त्याने उभारी दिली. मात्र १९७७ साली अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांनी दाखवून दिले की, हे मनाचे औषध हृदयाचे अवेळी पडणारे ठोकेही दाबते. सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनिडीन हे लयीवरील जुने औषध. इमिप्रामीन हृदयाच्या पेशींवर बरेचसे त्याच्यासारखेच काम करी.

आता क्विनिडीनचा दोष वैद्यांना ठाऊक होता. ते घेणारा रोगी कधी कधी एकाएकी शुद्ध हरपून पडे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पुढील ठोक्यासाठी विद्युत्दृष्ट्या पूर्ववत व्हावे लागते. हा अवधी फाजील लांबला, तर ठोके एकमेकांत गुंतून घातक लय सुरू होऊ शकते. १९६६ साली फ्रेंच वैद्य देसर्तेन यांनी या लयीच्या आलेखाचे वर्णन केले. त्यात रेषांची टोके दोरीला पीळ द्यावा तशी फिरलेली दिसतात. तो अवधी लांबविणारी दोन औषधे एकत्र आली, तर धोक्यात धोका मिळतो.

दुसरा मार्ग यकृतातून जातो. तेथील विकर औषधांचे विघटन करून ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करतात. त्यांपैकी सीवायपी २डी६ या सांकेतिक नावाचा विकर इमिप्रामीन पचवितो. आणि क्विनिडीन नेमक्या त्याच विकराला अडवून धरते. मग नेहमीचीच मात्रा रक्तात साचून मोठ्या मात्रेसारखी होते. आजची औषधे बदलली, तरी हा नियम बदललेला नाही. विषादावरील फ्लुओक्सेटीन व पॅरोक्सेटीन ही औषधे त्याच विकराला अडवितात, आणि लयीवरील प्रोपाफेनोन व फ्लेकेनाइड तसेच नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल ही त्यालाच सोपविलेली असतात. २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिटालोप्राम मोठ्या मात्रेत हृदयाचा तो अवधी लांबविते, असा इशारा दिला. ॲमिओडारोन तर तो लांबवितेच, शिवाय बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहते. जुलाबवांत्यांनी किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम घटले, म्हणजे धोका आणखी वाढतो.

याचा अर्थ विषादावर उपचारच करू नये, असा नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्याला विषाद जडला, तर मृत्यूचा संभव वाढतो, असे १९९३ साली माँट्रियल येथील संशोधनात आढळले होते. २००२ साली ३६९ हृदयरोग्यांवर सर्ट्रालीनची चाचणी झाली, तेव्हा हृदयाला विशेष अपाय आढळला नाही. सारांश, योग्य औषध निवडता येते, मात्रा बेताची ठेवता येते, हृदयाचा विद्युत्आलेख काढून पाहता येतो. मात्र त्यासाठी निवड करणाऱ्याला सारे ठाऊक असावे लागते. मनात आले म्हणून गोळी बंद करणे हाही तितकाच मोठा अपराध होय.

रायपुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि आज त्या शहरात हृदयाचा तज्ज्ञ वेगळा, मनाचा तज्ज्ञ वेगळा. ज्ञान वाढले की त्याच्या शाखा होतात, हे योग्यच आहे. पण शाखांची ही वाटणी देह मानीत नाही. हृदयाच्या वैद्याची चिठ्ठी एका कपाटात आणि मनाची चिठ्ठी, लोक काय म्हणतील या संकोचाने, दुसऱ्या कपाटात कुलूपबंद. अशी स्थिती पुष्कळ घरांतून असते. या दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी वैद्यापुढे ठेवणे, भोवळ किंवा धडधड जाणवताच ती लगेच सांगणे, आणि मनाच्या आजाराची लाज न बाळगणे, एवढे प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहे. अरण्यातल्या एका मुळाने हृदय आणि मन शेजारी शेजारी आहेत हे दाखविले. ते शेजार ओळखण्यातच रोग्याचे कल्याण आहे.