पोचा पडलेला बधना

भाचीने पेन्सिलीने काढलेले एक चित्र माझ्या टेबलासमोर लावले आहे. दादीच्या वेळचा तांब्याचा बधना, घरात वजूसाठी वापरला जायचा तो. नजर प्रथम जाते ती त्याच्या पोटावरच्या पोच्याकडे. वस्तू नुसती देखणी दाखवायची असती तर तिने पोचा बुजवला असता. पण सगळ्यात जास्त वेळ तिने तिथेच घालवलेला दिसतो. हातोडीच्या ठोक्यांचे, म्हणजे मठारकामाचे, ठसे ओळीने येतात आणि पोच्यापाशी खाली दबतात. म्हणजे पोचा नंतरचा, तांबटाचा दोष नव्हे. हे मला चित्र पाहून कळले. बधना हातात असताना कधी कळले नव्हते.

नळी बारीक, बाकदार. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात, वजू करीत असे हदीसमध्ये येते. नळ सोडून वजू करणाऱ्या आम्हाला ही धार आता अपुरी वाटेल. अरबीत या भांड्याला इब्रीक म्हणतात. शब्द मूळ फारसी, पाणी ओतणारे या अर्थाचा. आपले 'तस्त'ही फारसीतूनच मराठीत आले.

तोंडाच्या आत तिने सरसकट काळे केलेले नाही. काठाखाली एक फिकट पट्टा सोडला आहे. ती उरलेली कल्हई. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आत फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ला. या अंतरावरच कल्हईवाल्याचे पोट चालायचे. अरबीत 'कलई' म्हणजे कथीलच, आणि हा शब्द मलाया किनाऱ्यावरच्या कलाह या जुन्या बंदराशी जोडला जातो. दादीच्या मोरीपर्यंत किती समुद्र आला होता!

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारला दिला. रोजच्या वापरातल्या वस्तूंचाही इतिहास असतो हे त्यांनी ओळखले. आमच्याकडे मात्र मुसलमानांचा इतिहास म्हटला की तलवार, किल्ला, मकबरा. बधना, पानदान, चिलमची त्यात कुठेच नाहीत. दोष दुसऱ्यांना काय द्यायचा? घर बदलताना बधना मीच मोडीत घातला. मोडवाल्याने वजन केले, तांब्याचा भाव दिला, पोच्याकडे पाहिलेही नाही.

चित्र त्याच्या दोन दिवस आधीचे आहे. मागे भाचीने तारीख लिहिली आहे, आणि खाली बधन्याची उंची: साडेनऊ इंच.